खंडेनवमीची स्क्रिप्ट

"बसून असते" हे दोन शब्द माझ्यासमोर कोणी काढले की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. धुळ्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या सर्व्हर रूममध्ये मी नोकरीला आहे. या संस्थेत माझ्याबद्दल जे काही बोललं गेलं ते सगळं फिरून याच दोन शब्दांवर आलं. ताई ना, ती काय, बसून असते.

आधी ही खोली काय आहे ते सांगते, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. कॉलेजच्या मागच्या इमारतीत जिन्याखालून आत गेलं की काचेचं दार लागतं. आत थंडगार हवा, पंख्यांची घरघर आणि एका कपाटात दोन-चार दांडग्या मशीन. या मशीनच्या पोटात आणखी पुष्कळ मशीन असतात. त्यांना हात लावता येत नाही, पण कामाला त्या खऱ्याच असतात. एका मोठ्या घरात वेगवेगळ्या खोल्या कराव्यात, प्रत्येकीला स्वतःचं दार आणि स्वतःची चूल द्यावी, तसंच. एका खोलीत निकाल, एकीत परीक्षेचे अर्ज, एकीत ग्रंथालय आणि प्रॅक्टिकलच्या दिवसांत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एकेक तात्पुरती खोली. आम्ही त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतो.

माझ्या आधी इथे एक सर होते. आता ते निवृत्त झालेत, पण अजून रोज कोणी ना कोणी त्यांचं नाव काढतं. सर सगळं हाताने करायचे. प्रॅक्टिकल जवळ आली की माउसने क्लिक करून एकेक मशीन बनवायचे. एक बनली की दुसरी, दुसरी बनली की तिसरी, आणि तेवढ्यात पहिली बंद पडलेली असायची. मग घामाघूम होऊन लॅबमध्ये धावायचे. मुलं दारात, प्राचार्य फोनवर, डबा तसाच. शिपाई त्यांना उभ्या उभ्या चहा पाजायचे. स्टाफच्या बैठकीत सरांसाठी टाळ्या वाजायच्या. त्यांच्याइतकं कोणी राबत नाही, असं प्राचार्य म्हणायचे. त्यात खोटं काहीच नव्हतं, सर राबायचेच. पण ते का राबावं लागतं, हे कोणीच कधी विचारलं नाही.

मी आले आणि पहिलं वर्ष स्क्रिप्ट लिहिण्यात घालवलं. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला लेखी दिलेल्या सूचना: हे कर, झालं का बघ, नसेल झालं तर पुन्हा कर, तरीही नाही झालं तर मला कळव. मुलांच्या यादीवरून सगळ्या मशीन आपोआप बनवणारी एक. परीक्षा संपली की त्या मोडून जागा मोकळी करणारी दुसरी. डिस्क भरत आली की जुना कचरा काढणारी. रोज कॉलेज सुटल्यावर सगळ्या माहितीची प्रत दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर नेऊन ठेवणारी, आणि ती प्रत नीट उघडते का हेही तपासणारी. एकेका स्क्रिप्टपायी मी किती डोकं फोडलंय ते माझं मला ठाऊक. एक कुठे अडकली तर चहाची चवसुद्धा लागायची नाही.

आणि मग एके दिवशी सगळं शांत झालं. प्रॅक्टिकल आली आणि गेली. कोणी धावलं नाही, कोणी ओरडलं नाही. मी खुर्चीवर बसून पडद्याकडे बघत होते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अभिमानाचा दिवस होता, आणि नेमक्या त्याच दिवशी शिपाईनाना चहा घेऊन आले आणि दारात थबकले.

"तुन्हं बरं शे, ताई," ते म्हणाले. "एसीमा बसनं नि पडदाकडे देखनं."

नानांच्या मनात काही वाकडं नव्हतं. ते अगदी कौतुकाने बोलले होते. पण ते वाक्य स्टाफरूममध्ये गेलं, तिथून कार्यालयात गेलं आणि जाताना त्यातलं कौतुक वाटेतच गळून पडलं. सर होते तेव्हा किती काम असायचं! आता बघा, काम उरलंच नाही. मी काम संपवलं, असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ते आपोआप वाळून गेलं, असंच सगळ्यांना वाटत होतं.

आमचं घर रावेरचं, केळीवाल्यांचं. ट्रकमध्ये घड रचताना खाली आणि मधून वाळलेली पानं घालतात, म्हणजे माल रस्त्यात चेपला जात नाही. माल चांगला पोचला की पानांची आठवण कोणाला येत नाही. सुटीत घरी गेले तेव्हा आबांना, म्हणजे वडिलांना, मी हे सगळं समजावून सांगायला गेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तू दिवसभर करते काय वं?" मी उठून अंगणात गेले. घरच्या माणसावर इतकं चिडता येतं हे तोवर मला माहीत नव्हतं.

आता खंडेनवमीचं सांगते.

आमच्याकडे खंडेनवमीला प्रत्येक यंत्राची पूजा होते. ट्रॅक्टर, मोटार, शिवणयंत्र, कार्यालयातला टाइपरायटरसुद्धा. तो कोणी वापरत नाही, पण पूजा चुकत नाही. त्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची, चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही. संस्थेचे अध्यक्ष स्वतः येतात. सर्व्हर रूमचा मान शेवटचा असतो. अध्यक्ष हातात तबक घेऊन उभे राहिले की ते मान हलवतात, नाना भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढतात, पंखे थांबतात, खोलीत एकदम शांतता पसरते आणि आरती सुरू होते. मलाही तो क्षण आवडायचा, खोटं कशाला बोलू. एरवी सदा घरघरणारी ती खोली अशी गप्प झाली की आपणही आवाज खाली आणतो.

फक्त एक गोष्ट त्या खोलीत उभ्या असलेल्या कोणालाही माहीत नव्हती. नाना स्विच ओढायचे तोवर मशीन केव्हाच झोपलेल्या असायच्या. पूजेची मंडळी मुख्य इमारतीत असतानाच मी माझी स्क्रिप्ट चालवलेली असायची. आधी अर्जांची आणि निकालाची मशीन बंद व्हायची, मग त्यांच्या खालची, माहिती साठवणारी, मग तिच्याही खालची डिस्क. हे वरून खालीच व्हायला हवं. माहिती लिहिणं चालू असताना खालचं काढून घेतलं तर वरचं अर्धवट लोंबकळतं आणि अर्धवट लिहिलेलं पुन्हा वाचता येत नाही. उठवताना उलट, खालून वर. हे सगळं ती एक स्क्रिप्ट करायची. नाना स्विच ओढत तेव्हा उरलेले असत ते नुसते पंखे. पण बघणाऱ्यांना वाटायचं, स्विच ओढला की मशीन बंद होतात. त्यांच्या डोळ्यांसमोर दरवर्षी तेच तर घडत होतं.

मी ते कधी खोडून काढलं नाही. मला वाटलं, अध्यक्षसाहेबांच्या इशाऱ्यावर यंत्र थांबतं असं वाटत असेल तर वाटू दे, पूजेत कशाला शहाणपण पाजळायचं.

मग एका वर्षी पावसाळ्यात मला अध्यक्षांच्या खोलीत बोलावलं. प्राचार्य होते, अधीक्षक होते. अधीक्षक म्हणजे कार्यालयाचे प्रमुख, सगळ्या फायली त्यांच्या हाताखालून जातात. अध्यक्ष फार गोड बोलतात.

"ताई, तुम्ही सर्व्हर रूमची व्यवस्था इतकी छान लावून दिली आहे की तिथे आता माणूस लागत नाही," ते म्हणाले. "सोनगीरच्या आपल्या शाळेत दाखल्यांचं काम साचलंय. तुम्ही तिथे बसा. खोलीची किल्ली अधीक्षकांकडे राहील."

"साहेब, माणूस लागतो," मी म्हणाले. "स्क्रिप्टकडे बघायला लागतो. बंद-चालू करायला लागतो."

"ते मी करेन की," अधीक्षक म्हणाले. "बटणच दाबायचं ना?"

त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी जाताना मी अधीक्षकांना गाठून बजावलं: वीज घालवायची असेल, खंडेनवमी असेल, तर आधी मला फोन करा, मी सोनगीरहूनही ती स्क्रिप्ट चालवून देईन. ते "हो हो" म्हणाले. त्या "हो हो"चा सूर मला चांगला ओळखता येतो. ही बाई स्वतःचं महत्त्व टिकवायला बघतेय, असं त्या सुरात असतं.

सोनगीरच्या शाळेत मी खिडकीजवळच्या टेबलावर दाखले टाइप करत बसायचे. शेजारच्या गल्लीत भांडी घडवणाऱ्यांच्या हातोड्यांचे ठोके चालू असायचे. तांब्यावर ठोका पडला की अख्ख्या गल्लीला कळतं, काम चाललंय. मला त्या माणसांचा हेवा वाटायचा. त्यांचं काम चांगलंच होतं, त्याचा हेवा नव्हता. ते ऐकू येत होतं, याचा होता. दाखले टाइप करतानाही मनात एकच घोळायचं: ती खोली माझी आहे, ती मला परत हवी आहे आणि माझं काम म्हणून हवी आहे, उपकार म्हणून नको.

खंडेनवमी आली. सोनगीरच्या शाळेत पूजा लवकर आटोपली. मी फोन हातात धरून बसले होते. फोन आला, पण दुपार कलल्यावर, आणि तो नानांचा होता.

"ताई, बठ्ठं बंद पडी गयं," ते म्हणाले. "साहेब लाल व्हई ग्यात. तू ये लवकर."

सगळंच बंद पडलं होतं; कसं, ते मला नानांकडून फोनवरच कळलं. साहेबांनी मान हलवली आणि स्विच ओढला गेला. पण या वेळी मशीन जाग्या होत्या. परीक्षेचे अर्ज भरायचे शेवटचे दिवस, गावोगावची मुलं मोबाइलवरून अर्ज भरत होती. वीज गेली तरी मशीन चालू ठेवणारी बॅटरीही अधीक्षकांनी भक्तिभावाने बंद केली होती, तिलाही विश्रांती हवी म्हणून. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, स्विच वर केला, आणि सगळ्या मशीन एकदम, धक्काबुक्की करत उठायला लागल्या. खालचं जागं व्हायच्या आत वरचं हाका मारत होतं. मग अधीक्षकांनी निवृत्त सरांना फोन लावला. सर म्हणाले, रीस्टार्ट करा. त्यांनी पुन्हा पुन्हा स्विच खाली-वर केला.

सोनगीरच्या फाट्यावर मी धुळ्याकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीला हात केला. वाटभर एकच घोकत होते. मी सांगितलं होतं. मी तोंडाने, मराठीत, समोर उभं राहून सांगितलं होतं.

खोलीत गर्दी होती. मशीनवर झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं, खाली सांडलेल्या अक्षता. मी सगळ्यांना बाहेर काढलं, अध्यक्षांनासुद्धा. अर्जांची माहिती फाटली होती, मशीनला ती वाचता येत नव्हती. मग मी दुसऱ्या इमारतीतल्या मशीनमध्ये डोकावले. आदल्या संध्याकाळची प्रत तिथे होती, तपासलेली. मी सोनगीरला दाखले टाइप करत होते तेव्हाही माझी स्क्रिप्ट रोज निमूटपणे तिचं काम करत होती. ती बंद करावी हेही कोणाला सुचलं नव्हतं, कारण ती आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. तिथे उभ्या उभ्या मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते, संतापाचं होतं. या संस्थेत माझ्या बाजूने उभं राहणारं एवढंच होतं आणि ते मीच लिहिलेलं होतं.

ती प्रत परत आणून मी सगळं खालून वर, एकेक करून उठवलं. दिवेलागणीच्या सुमारास अर्ज पुन्हा चालू झाले. त्या प्रतीनंतर ज्यांनी भरले होते त्यांना ते पुन्हा भरावे लागले. बाकी सगळ्यांचे शाबूत राहिले.

दसरा झाल्यावर पुन्हा अध्यक्षांच्या खोलीत, त्याच खुर्च्यांवर बैठक. मला वाटलं, आता तरी. खरंच वाटलं.

"मी यावर बराच विचार केला," अध्यक्ष म्हणाले. "हे आपोआप, आपोआप जे आहे ना, त्यानेच घात केला. सरांच्या काळात असं कधी झालं नाही. माणसाचा हात असायला हवा."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"साहेब, आपोआपने वाचवलं," मी म्हणाले. "घात स्विचने केला."

"स्विच तर दरवर्षी ओढतो आपण," अधीक्षक म्हणाले.

"दरवर्षी आधी मी सगळं बंद करायचे! तुम्ही ओढायचात तेव्हा नुसते पंखे चालू असायचे!" माझा आवाज चढला होता. प्राचार्य खोकले.

अध्यक्षांनी माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही पूजेला दोष देताय का?"

संपलं. याला धुळ्यात काय, जगात कुठे उत्तर आहे का? पूजेला मी दोष देत नव्हते. पूजा मी त्यांच्यापेक्षा नीट केली होती, दरवर्षी, कोणी यायच्या आधी. पण त्या प्रश्नानंतर मी काहीही बोलले असते तरी बाहेर एकच गोष्ट गेली असती: ताई पूजेला नावं ठेवते.  

मग निर्णय सांगितला गेला. मला सर्व्हर रूम परत. मात्र यापुढे स्क्रिप्टवर सोडायचं नाही, सगळं हाताने, समोर बसून, सरांसारखं. काचेच्या दारातून कोणीही बघितलं तरी काम चाललेलं दिसलं पाहिजे. हे शेवटचं वाक्य अध्यक्षांचंच.

राजीनामा मी मनात लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. पण खोली मला हवी होती. तिथल्या मशीन मी ओळीने उठवलेल्या होत्या, त्या मी या लोकांच्या हातात सोडून जाणार नव्हते. म्हणून मी खुर्चीत जाऊन बसले आणि एक नवीन स्क्रिप्ट लिहिली.

ही स्क्रिप्ट काहीच करत नाही. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ती नुसत्या ओळी सोडते. काळ्या पडद्यावर हिरव्या ओळी भराभर वर सरकतात, मधेच एखादी लाल होते, थोडा वेळ थांबते, मग हिरवी होते. तपासणी चालू. पुन्हा प्रयत्न. यशस्वी. मी पडद्याचं तोंड दाराकडे केलं. खऱ्या स्क्रिप्ट मागे पूर्वीसारख्याच चालू ठेवल्या, कोणालाही न सांगता.

आठवड्याच्या आत स्टाफरूमचा सूर बदलला. ताईंना आता श्वास घ्यायला वेळ नसतो म्हणे. प्राचार्य बाहेरून आलेल्या पाहुण्यांना काचेपाशी आणून उभे करतात आणि हलक्या आवाजात बोलतात. नाना चहा ठेवतात आणि पाय न वाजवता परत जातात. "ताईले त्रास नका दिज्यात," असं ते पोरांना सांगतात. रावेरला आबांना मी त्या पडद्याचा व्हिडिओ दाखवला, तर ते म्हणाले, "बापरे, एवढं काम?" मी हो म्हणाले. ते "हो" म्हणताना मला जेवढा राग आला तेवढा आधीच्या सगळ्या वर्षांत आला नव्हता, कारण या वेळी तो कोणावर काढायचा तेच कळेना.

यंदाच्या खंडेनवमीला मंडळी मुख्य इमारतीत असतानाच मी जुनी स्क्रिप्ट चालवली. वरून खाली, एकेक मशीन झोपली. मग तबक आलं. अध्यक्षांनी मान हलवली, नानांनी स्विच ओढला, पंखे थांबले आणि ती शांतता पसरली. फक्त माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर छोट्या बॅटरीवर चालू राहिला होता आणि त्यावर हिरव्या ओळी सरकत होत्या. चालत्या यंत्राला कुंकू लावत नाहीत, म्हणून मी घाईने तो बंद करायला पुढे झाले.

"राहू द्या, ताई," अध्यक्ष म्हणाले. "हे नका बंद करू. केवढं काम चाललंय त्यावर."

त्यांनी पडद्याला कुंकू लावलं, हार घातला आणि हात जोडले. मागे सगळ्यांनी जोडले. त्या घडीला अख्ख्या खोलीत एकही मशीन कसलंही काम करत नव्हती. मी दात आवळून आरती म्हटली, पेढा घेतला, आणि सगळे बाहेर पडल्यावर माझ्या मशीन खालून वर, एकेक करून उठवल्या.